कॉइल किती थंड होणार, हे ठरतं कुठे? रेफ्रिजरेशनच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

हापूस १३ अंशांच्या आसपास ठेवावा लागतो. त्याहून बराच थंड ठेवला तर साल काळवंडते आणि फळ नीट पिकत नाही. निर्यातीची द्राक्षं शून्य अंशाजवळ लागतात. गोठवलेली कोळंबी उणे १८ किंवा त्याखालीच ठेवावी लागते. तिन्ही ठिकाणी यंत्र एकाच जातीचं: वाफ ओढून दाबणारा कॉम्प्रेसर, त्या वाफेची उष्णता बाहेर टाकून तिचा द्रव करणारा कंडेन्सर, तो द्रव मोजून पुढे सोडणारा एक्सपान्शन व्हॉल्व्ह आणि इव्हॅपोरेटर, म्हणजे आपण ज्याला कूलिंग कॉइल म्हणतो ती. मग एक कॉइल ७ अंशांवर आणि दुसरी उणे २८ वर कशी चालते?

या कामात नव्याने आलेली बहुतेक मुलं ‘थर्मोस्टॅटमुळे’ असं उत्तर देतात. थर्मोस्टॅट यंत्र चालू-बंद करतो, एवढंच. चालू असताना कॉइल किती थंड व्हायची, यावर त्याचा काही ताबा नसतो. ते ठरतं दाबावर. आणि दाब ठरतो दोन गोष्टींच्या मेळातून: कॉइलमध्ये किती वाफ तयार होते आणि कॉम्प्रेसर त्यातली किती ओढून नेतो. खालच्या प्रत्येक पायरीत हाच मेळ वेगवेगळ्या रूपात भेटेल.

पायरी १ : दाब आणि तापमान एकत्र वाचायची सवय लावा

प्रेशर कुकरमध्ये पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं, कारण आत दाब जास्त असतो. आपल्या गॅसला, म्हणजे यंत्रात फिरणाऱ्या रेफ्रिजरंटला, हाच नियम लागू आहे, आपण तो उलट्या बाजूने वापरतो. दाब कमी ठेवला की गॅस कमी तापमानाला उकळतो, आणि उकळायला लागणारी उष्णता खोलीतल्या हवेतून उचलतो.

आर-१३४ए या गॅसचे आकडे बघा (पीएसआय हे दाबाचं माप; गेज बाहेरच्या हवेपेक्षा दाब किती जास्त ते दाखवतो). गेजवर २८ पीएसआय असेल तर आत उकळणारा गॅस ० अंशाला आहे. १४ पीएसआयला उणे १०. ५ पीएसआयच्या जरा खाली उणे २०. काटा शून्यावर आला, म्हणजे आतला दाब बाहेरच्या हवेइतका झाला, की उणे २६. आर-४०४ए हा जास्त दाबाचा गॅस: त्याला शून्य अंशासाठी सुमारे ७३, उणे १० साठी ४८, उणे २० साठी ३० आणि उणे ३० साठी १५ पीएसआय लागतात. प्रत्येक गॅसचा दाब-तापमानाचा तक्ता मोबाइलमध्ये ठेवा आणि गेज लावला की मनातल्या मनात लगेच अंशात बदल करा. अनुभवी मेकॅनिक ‘अठ्ठावीसचा दाब आहे’ म्हणतो तेव्हा त्याला ‘कॉइल शून्याला चालली आहे’ हेच दिसत असतं.

सरावासाठी यंत्राचीही गरज नाही. आर-१३४ए चा अर्धा भरलेला सिलिंडर दिवसभर सावलीत राहू द्या आणि गेज लावा. सिलिंडर ३० अंशांना असेल तर ९७ पीएसआयच्या आसपास दाखवेल. मग त्यातला थोडा गॅस एखाद्या कामाला वापरा, सिलिंडर पुन्हा खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि परत बघा: दाब तोच. आत द्रव शिल्लक आहे तोवर दाबाचा संबंध किती गॅस उरला याच्याशी नसतो, तापमानाशी असतो. दाब तक्त्यापेक्षा बराच जास्त दिसला तर सिलिंडरमध्ये हवा किंवा दुसरा गॅस मिसळलेला असण्याची शक्यता धरा आणि तो यंत्रात भरू नका.

पायरी २ : खोलीचा आकडा आणि कॉइलचा आकडा वेगळा लिहा

उष्णता गरम बाजूकडून थंड बाजूकडे जाते. त्यामुळे कॉइल खोलीच्या हवेपेक्षा थंड असायलाच हवी. हा फरक किती ठेवायचा, ते मालावर ठरतं. पंख्याच्या कॉइलसाठी ताज्या फळं-भाज्यांना साधारण ४ ते ६ अंश, बंद पॅकिंगच्या मालाला ७ ते १० अंश धरतात. म्हणजे आंब्याच्या १३ अंशांच्या खोलीत कॉइल ७ ते ८ अंशांवर, द्राक्षांच्या शून्य अंशाच्या खोलीत उणे ४ ते उणे ५ वर, आणि उणे २० च्या मासळीच्या खोलीत उणे २८ च्या आसपास.

फरकाचा आकडा का जपायचा, ते द्राक्षांवरून कळतं. कॉइल हवेपेक्षा जितकी जास्त थंड, तितकं ती हवेतलं पाणी जास्त ओढते आणि बर्फ म्हणून स्वतःवर धरते. ते पाणी शेवटी येतं मालातून. द्राक्षांचे मणी वरून ठीक दिसतात, पण देठ वाळून तपकिरी पडतात, आणि घेणारा आधी देठच बघतो. खोलीचा थर्मामीटर बरोबर शून्य दाखवत असतो, तरीही माल खराब होतो. म्हणून ‘खोलीला शून्य अंश येतील’ एवढ्या आश्वासनावर यंत्र विकत घेऊ नका. कॉइलचं तापमान किती धरलं आहे, हे कोटेशनमध्ये लिहून मागा. स्वस्त कोटेशनमध्ये अनेकदा कॉइल लहान असते. लहान कॉइलला तेवढीच उष्णता उचलायला जास्त थंड व्हावं लागतं, आणि त्याची किंमत पुढे वीजबिलात जाते: कॉइलचं तापमान एक अंशाने वर ठेवता आलं तर साधारण २ ते ३ टक्के वीज वाचते.

पायरी ३ : मेळ कुठे बसतो ते डोळ्यांनी बघा

नवी उणे २० ची खोली पहिल्यांदा सुरू होते तेव्हा गेज लावून उभं राहा. वर्गातल्या कित्येक तासांपेक्षा हे जास्त शिकवतं. खोलीतली हवा ३० अंशांची असते, कॉइलमध्ये गॅस जोरात उकळतो, भरपूर वाफ होते. कॉम्प्रेसरला ती सगळी उपसता येत नाही, त्यामुळे सक्शनचा, म्हणजे कॉम्प्रेसरच्या ओढण्याच्या बाजूचा, दाब चढा राहतो. खोली उतरत जाते तशी हवेकडून येणारी उष्णता कमी होते, वाफ कमी होते, कॉम्प्रेसर तेवढ्याच वेगाने ओढत राहतो आणि काटा हळूहळू खाली येतो. आर-४०४ए असेल तर शेवटी तो १८ पीएसआयच्या आसपास, म्हणजे उणे २८ ला स्थिरावतो. हा आकडा कुणी स्क्रू फिरवून लावलेला नसतो. कॉइल जेवढी वाफ देते आणि कॉम्प्रेसर जेवढी घेतो, ते जिथे सारखं होतं तिथे काटा थांबतो.

आता यातली महत्त्वाची बाजू. कॉम्प्रेसर प्रत्येक फेरीत ठरावीक घनफळ ओढतो, ठरावीक वजन नव्हे. आर-१३४ए ची एक घनमीटर वाफ ० अंशाच्या दाबाला सुमारे १४.४ किलोची असते, उणे २० च्या दाबाला जेमतेम ६.८ किलोची. तेवढाच पिस्टन, तेवढेच फेरे, पण गॅस निम्म्याहून कमी. शिवाय दाबांतलं अंतर वाढल्याने प्रत्येक फेरीत थोडं घनफळही वाया जातं. म्हणजे जो कॉम्प्रेसर शून्याला एक टन थंडावा देतो (इथे टन हे वजन नव्हे, थंडावा देण्याच्या क्षमतेचं माप), तो उणे २० ला अर्धा टनसुद्धा देत नाही. म्हणूनच ‘दोन टनांचा कॉम्प्रेसर’ हे वाक्य अर्धवट आहे. कॉइलच्या कोणत्या तापमानाला आणि कंडेन्सरच्या कोणत्या तापमानाला दोन टन, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. विदर्भात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना कंडेन्सर ५५ ते ६० अंशांवर चालतो. ३५ अंशांच्या दिवसासाठी निवडलेलं यंत्र तिथे कमी पडतं आणि कॉइलचा दाब वर सरकतो. आत माल नरम पडायला लागतो, आणि यंत्रात बिघाड मात्र काहीच नसतो.

यावरून वेगळ्या तापमानाची कॉइल कशी मिळवायची, याचं उत्तर निघतं. कॉम्प्रेसर मोठा घ्या किंवा त्याचा वेग वाढवा, मेळ खाली सरकतो आणि कॉइल थंड होते. कॉइल मोठी घ्या, मेळ वर सरकतो आणि कॉइल उबदार राहते. इन्व्हर्टरवरचा कॉम्प्रेसर दिवसभर हेच करत असतो: भार कमी झाला की वेग उतरवून कॉइलचा दाब ठरल्या जागी धरून ठेवतो.

पायरी ४ : एक्सपान्शन व्हॉल्व्हला पाना लावण्याआधी

नवशिक्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. खोली थंड होत नाही, कुणीतरी व्हॉल्व्ह थोडा बंद करतं, गेजचा काटा खाली येतो, आणि कॉइल जास्त थंड झाली म्हणून समाधान वाटतं. तासाभराने खोली आणखी गरम.

झालं काय ते आकड्यांत पाहू. आर-४०४ए वर ३ अंशांची खोली आहे. गेज ५८ पीएसआय, म्हणजे उणे ५. कॉइलमधून बाहेर पडणाऱ्या पाइपला, व्हॉल्व्हच्या बल्बजवळ (पाइपचं तापमान व्हॉल्व्हला कळवणारा त्याचा भाग), थर्मामीटर बांधला तर १ अंश. दोन्हींतला फरक ६ अंश, हाच सुपरहीट. याचा अर्थ कॉइलच्या जवळजवळ शेवटापर्यंत द्रव उकळतो आहे आणि शेवटच्या थोड्या भागात नुसती वाफ गरम होते आहे. हे ठीक आहे. आता व्हॉल्व्ह आवळला. गेज ४० ला आला, उणे १४. पाइप मात्र २ अंशांवर, सुपरहीट १६. कॉइलच्या तोंडाशी दोन-तीन ट्यूबवर पांढरंशुभ्र दव गोठलंय आणि पुढची सगळी कॉइल कोरडी. उकळणारा द्रव तिथपर्यंत पोचतच नाही. कॉइलचं तापमान उतरलं, पण काम करणारी कॉइल पाव उरली.

व्हॉल्व्हचं काम सुपरहीट सांभाळायचं आहे, तापमान लावायचं नाही. साधारण ५ ते ७ अंशांवर तो असेल तर हात लावू नका. त्याहून बराच कमी असेल तर द्रव गॅस कॉम्प्रेसरकडे परत जातोय, सक्शनच्या पाइपवरचा बर्फ कॉम्प्रेसरपर्यंत आलेला दिसेल, आणि द्रव आत शिरला की कॉम्प्रेसरची व्हॉल्व्ह प्लेट फुटायला वेळ लागत नाही. फिरवायचाच असेल तर पाव फेरा, मग पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, मग पुन्हा मोजायचं. सुपरहीट न मोजता व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाला मी माझ्या यंत्राजवळ उभं करणार नाही.

हेच मोजमाप बिघाडही सांगतं. दाब कमी आणि सुपरहीट जास्त, तर कॉइलला गॅस कमी पोचतोय: गळती, ड्रायर (गॅसमधली ओल आणि कचरा धरणारा गाळणा) चोक, व्हॉल्व्ह अडकलेला. दाब कमी आणि सुपरहीटही कमी, तर गॅस पोचतोय पण त्याला उष्णता मिळत नाही: पंखा बंद, कॉइलवर बर्फाचा थर, कॉइलपुढे रचलेली खोकी. दुसऱ्या प्रकारात गॅस भरणं हा सरळ गुन्हा आहे, आणि तो रोज होतो.

पायरी ५ : एक कॉम्प्रेसर, दोन खोल्या

हॉटेलच्या मागच्या बाजूला हे नेहमी दिसतं. एक खोली दूध-भाजीची, ३ अंशांची. शेजारची मासळी आणि आइसक्रीमची, उणे १८ ची. जागा आणि पैसे बघून मालक म्हणतो, एकच कॉम्प्रेसर लावा. लावता येतो, पण कॉम्प्रेसरचा सक्शन एकच असतो आणि तो सगळ्यात थंड कॉइलच्या हिशेबानेच चालवावा लागतो. मासळीच्या कॉइलला उणे २५ हवेत, म्हणजे आर-४०४ए वर सुमारे २१ पीएसआय. भाजीची कॉइल तशीच त्याच पाइपला जोडली तर तीही उणे २५ कडे ओढली जाईल. ३ अंशांच्या खोलीत इतकी थंड कॉइल! कोथिंबीर तासाभरात काळी, दुधाच्या पिशव्या कॉइलच्या बाजूने गोठलेल्या, आणि कॉइलवर बर्फाची भिंत.

यावर उपाय आहे ईपीआर, म्हणजे इव्हॅपोरेटरचा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह. तो उबदार खोलीच्या सक्शन पाइपवर, कॉइलच्या बाहेर पडण्याच्या बाजूला बसतो. कॉइलकडचा दाब ठरवलेल्या आकड्याखाली जायला लागला की तो आवळतो, वर गेला की उघडतो. त्यामुळे त्याच्या एका बाजूला ५८ पीएसआय आणि दुसऱ्या बाजूला २१ पीएसआय असे दोन दाब एकाच पाइपात राहतात. लावताना गेज व्हॉल्व्हच्या कॉइलकडच्या पोर्टला जोडा, कॉम्प्रेसरकडच्या नव्हे. खोली ३ अंशांच्या जवळ आलेली असताना स्क्रू थोडा थोडा फिरवा आणि प्रत्येक वेळी काटा स्थिर होऊ द्या. खोली गरम असताना लावलेला ईपीआर नंतर हमखास चुकीचा निघतो.

थंड खोलीच्या सक्शन पाइपवर चेक व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, विसरू नका. कॉम्प्रेसर थांबला की उबदार कॉइलमधली जास्त दाबाची वाफ पाइपातून उलटी थंड कॉइलकडे जाते आणि तिथे द्रव होऊन साठते. पुढच्या वेळी यंत्र सुरू झालं की तो द्रव थेट कॉम्प्रेसरच्या तोंडाशी.

दोन्ही खोल्यांना आपापला थर्मोस्टॅट आणि द्रवाच्या पाइपवर आपापला सोलेनॉइड (विजेवर उघड-बंद होणारा व्हॉल्व्ह) द्या. खोली थंड झाली की सोलेनॉइड बंद होतो; दोन्ही बंद झाले की सक्शन उतरतो आणि लो-प्रेशर कटआउट कॉम्प्रेसर थांबवतो. त्याचा कट-इन, म्हणजे ज्या दाबाला तो कॉम्प्रेसर पुन्हा सुरू करतो तो आकडा, उणे १८ शी जुळणाऱ्या दाबाच्या, म्हणजे आर-४०४ए साठी सुमारे ३२ पीएसआयच्या खाली असावा. वर ठेवलात तर मासळीची खोली थंडावा मागत असतानाही कॉम्प्रेसर उठणार नाही.

माझं स्वतःचं मत: भाजीची खोली लहान असेल तरच हे करावं. तिचा थंडावा उणे ५ ला मिळू शकत असताना आपण तो उणे २५ च्या दाबावरून विकत घेतो. कंडेन्सर ४५ अंशांवर धरला तर निव्वळ तात्त्विक हिशेबातसुद्धा त्याच थंडाव्याला दीडपट वीज लागते. भाजीची खोली मोठी असेल तर दोन कॉम्प्रेसर वेगळे घ्या. काही वर्षांत फरक वसूल होतो, आणि एक बंद पडला तर दुसरी खोली चालू राहते.

घरातल्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये मात्र बहुतेक वेळा यातलं काही नसतं. कॉइल एकच, फ्रीझरच्या मागे. पंखा तिथली गार हवा डॅम्परमधून, म्हणजे हवेच्या झडपेतून, मोजून खाली सोडतो. दोन तापमानं हवेने साधलेली असतात, कॉइल एकाच दाबावर चालते.

पायरी ६ : गॅस आणि कॉम्प्रेसर जोडीने निवडा

वातावरणाच्या दाबाला आर-६००ए उणे १२ च्या जवळ उकळतो, आर-१३४ए उणे २६ ला, अमोनिया उणे ३३ ला, आर-२२ उणे ४१ ला, आर-२९० उणे ४२ ला, आर-४०४ए उणे ४६ ला. कॉइल या आकड्याखाली चालवायची असेल तर सक्शन हवेच्या दाबापेक्षा कमी, म्हणजे व्हॅक्यूममध्ये जातो. चालतं तसंही, घरातल्या आर-६००ए च्या फ्रिजमध्ये उणे २५ ला दाब हवेच्या जेमतेम सहा दशांश असतो. पण मग गळती असली की गॅस बाहेर येण्याऐवजी हवा आणि ओल आत जाते आणि कॅपिलरीच्या (लहान यंत्रात एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या जागी असलेल्या बारीक नळीच्या) तोंडाशी बर्फ धरते. आर-६००ए आणि आर-२९० पेट घेणारे आहेत, त्यामुळे शिकाऊ माणसाने त्यांच्यावर एकट्याने ब्रेझिंग (ज्योतीने पाइप जोडणं) करू नये.

लहान कॉम्प्रेसरच्या पट्टीवर एलबीपी, एमबीपी किंवा एचबीपी लिहिलेलं असतं: कमी, मध्यम किंवा जास्त सक्शन दाबासाठी. एलबीपी कॉम्प्रेसर बाटल्यांच्या कूलरला लावला तर जड वाफेने मोटर ओव्हरलोडवर ट्रिप होत राहते. एचबीपीचा फ्रीझरला लावला तर परत येणारा गॅस इतका विरळ असतो की मोटर थंडच होत नाही, आणि काही महिन्यांत वाइंडिंग जळतं.

पायरी ७ : उणे ४० आणि त्याखाली

मासळीच्या प्लेट फ्रीझरला अमोनिया उणे ४० ला उकळावा लागतो. तिथे निरपेक्ष दाब (हवेचा दाब धरून, गेजवरचा नव्हे) ०.७२ बार (एक बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय), आणि ४० अंशांच्या कंडेन्सरला १५.५ बार. गुणोत्तर एकवीसच्या वर. एका टप्प्यात एवढं दाबायला गेलात तर डिस्चार्ज, म्हणजे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारा गॅस, इतका तापतो की तेल करपतं, आणि पिस्टनच्या वर उरलेली वाफच पुन्हा फुगून नवी वाफ आत येऊ देत नाही. म्हणून काम दोन कॉम्प्रेसरमध्ये वाटतात. मधला दाब दोन्ही टोकांच्या गुणाकाराचं वर्गमूळ घेऊन काढतात: इथे सुमारे ३.३ बार, जो उणे ७ अंशांशी जुळतो. प्रत्येक टप्प्याचं गुणोत्तर पाचच्या खाली येतं. मध्ये इंटरकूलर बसवून पहिल्या टप्प्यातली तापलेली वाफ गार करून मगच दुसऱ्याकडे देतात.

प्रयोगशाळेतल्या उणे ८० च्या फ्रीझरला दोन टप्पेही पुरत नाहीत. इतक्या खाली चालणारा गॅस हवा, जसा इथेन, जो वातावरणाच्या दाबाला उणे ८९ च्या जवळ उकळतो. पण इथेन सुमारे ३२ अंशांच्या वर कितीही दाबला तरी द्रव होत नाही, मग उन्हाळ्यात खोलीच्या हवेवर तो कसा द्रव करणार? उत्तर म्हणजे कॅस्केड: दोन वेगळी यंत्रं, दोन वेगळे गॅस. वरचं यंत्र, समजा आर-२९० वर, आपली कॉइल उणे ३५ च्या आसपास धरतं, आणि तीच कॉइल खालच्या इथेनच्या यंत्राचा कंडेन्सर बनते.

असं यंत्र सुरू करताना क्रम पाळा. आधी वरचं चालू होऊ द्या, मधला कंडेन्सर पुरेसा थंड होऊ द्या, मगच खालचं सुरू होईल. बहुतेक यंत्रांत हे कंट्रोलर स्वतः करतो, त्याला वळसा घालून खालचा कॉम्प्रेसर हाताने सुरू करू नका. आणि यंत्र बंद पडून खोलीच्या तापमानाला आलं की खालच्या बाजूचा सगळा गॅस वाफ होतो. ती वाफ सामावायला तिथे एक रिकामी टाकी दिलेली असते. दुरुस्ती करताना ती टाकी काढली किंवा लहान बसवली तर पुढच्या पॉवर-कटला दाब कुठवर चढेल, याचा हिशेब आधी कागदावर करा.